पुण्याचा साहेब पितराच्या पाटावर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सिंधुबाईनं तापल्या खापरावर पहिला मांडा टाकला आणि दगूफुई चुलीपाशी येऊन बसली. फुई देवापाशी बसली तर कुणाला भीती नसायची. चुलीपाशी बसली की घरातल्या कुणाचं तरी काही खरं नसायचं.

"रंजना, दार लाई ले," फुई म्हणाली. "आनि सिंधू, तू हात चालू ठेव, कान मन्हाकडे दे."

सिंधुबाईचे हात चालूच होते. पुरणाचा उंडा हातावर घेऊन दोन्ही कोपरांवर झेलत झेलत ती मांडा एवढा पातळ करायची, की त्याच्या आडून अंगणात कोण आलं ते ओळखता यायचं. एकदा वाऱ्यानं उडालेला तिचा मांडा शहाद्याच्या बाजारात मलमल म्हणून विकला गेला, असं तिचा नवरा गिरधर शपथेवर सांगायचा. गिरधरच्या शपथेला ब्राह्मणपुरी गावात काही किंमत नव्हती, पण मांड्याला होती.

फुई म्हणजे गिरधर आणि चुनीलाल या दोघा भावांची आत्या. विधवा होऊन माहेरी परतली त्याला जमाना झाला. भाऊ गेल्यापासून घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला. गिरधरची बायको सिंधुबाई थोरली सून, चुनीलालची बायको रंजनाबाई धाकटी. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या आणि दिवसभरात मोजकंच बोलायच्या, तेही मिठाबद्दल.

"आज दुपारी साहेब जेवाले येई ऱ्हायना," फुई म्हणाली. "पुनाना. हेडमास्तरना दोस्त."

रंजनाबाईचा हात रसाच्या पातेल्यात थांबला. का ते सिंधुबाईला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

रंजनाबाईच्या रतिलालनं मार्चात मॅट्रिकची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता, पण हेडमास्तरांनी आधीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पोरगा तालुक्यात पहिला येणार, आणि अशा पोरानं पुण्याच्या त्या मोठ्या सायन्स कॉलेजातच गेलं पाहिजे. ते कॉलेज म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. सगळ्या मुंबई-महाराष्ट्रातली पहिल्या नंबरची पोरं तिथं अर्ज करायची, आणि त्यांतली पुष्कळशी परत यायची. परत फिरवलेल्या पोरांसाठी पुण्यात स्टेशनाजवळ एक निराळी खानावळच चालते, तिथं आमटीत पाण्यापेक्षा आसवं जास्त असतात, असं गिरधर सांगे. गिरधर पुण्याला कधी गेला नव्हता. पण एवढं खरं होतं, की खानदेशातून वर्षाला एखादा गेला तर गेला, आणि कोण जाणार ते मुलाखत घेऊन प्रकाशेकर नावाचे एक प्रोफेसर ठरवत. तेच हे साहेब. सुट्टीत शहाद्याला हेडमास्तरांकडे उतरले होते.

"मंग तर देवच पावना," रंजनाबाई म्हणाली. "साहेबले आपला रतीनं..."

"तोंड बंद!" फुई म्हणाली. "तेच सांगाले उनी मी. रतीनी तारीफ करू नका. हेडमास्तरनी माले आंबाना झाडखाले उभं करीसन सांगं. हाऊ साहेब भलता कडक शे. कोन्ही शिफारस करी, की हाऊ पोऱ्या हुशार शे, गुनी शे, तर त्या पोऱ्यानं नाव तो तठेच कापस. मांगला साल एक जिनिंगवाला शेठ आंबानी पेटी लीसन गया. भाचानी तारीफ करी. साहेबनी पेटी बी परत करी आनि भाचा बी."

चूल धडधडत होती. सिंधुबाईनं मांडा उलटला.

"मंग जेवाले कसाले बलावं?" तिनं विचारलं.

"घर दखू दे त्याले. मानसं दखू दे. पन पोऱ्याले पुढे करानं नही." फुईनं आवाज खाली आणला. तिच्या डोळ्यांत ती चमक आली होती, जी वाटणीच्या आणि सोयरिकीच्या वेळी यायची. "आनि मी एक पक्की गोठ काढेल शे. आपन रतीले नावं ठेवूत. बठ्ठा घरनी, एकूनएक जननी! म्हंजे साहेबले वाटी, या लोकेसना मनमा काही लोभ नही. रंजना, तू माय शेस, तू सुरू कर. चुनीले मी सांगेल शे. गिरधरले बी."

"आनि मी?" सिंधुबाई म्हणाली.

फुई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, जाता जाता, अगदी सहज म्हणाली, "तुले काय शिकाडनं वं सिंधू? तू बारा महिना करस, तेच कर."

आणि रंजनाबाई हसली. पदराआड, रसाच्या पातेल्यात बघत, पण हसली.

खापरावरचा मांडा करपला. सिंधुबाईच्या हातून मांडा करपणं ही गोष्ट त्या घरात उन्हाळ्यातल्या पुराइतकी दुर्मिळ होती.

आता सिंधुबाईचं म्हणाल तर, तिला हेवा होता हे खोटं नाही. तिचा मगन आणि रंजनाचा रतिलाल एकाच श्रावणात जन्मले. मगन आठ दिवसांनी थोरला. सुइणीनं दोघांनाही त्याच पितळी परातीत आंघोळ घातली. पण त्या परातीतलं सगळं शहाणपण रतिलालच्याच अंगाला चिकटलं, अशी सिंधुबाईची पक्की समजूत होती. रतिलालला दात आधी आले. रतिलाल आधी चालला. मगन दर वर्षी ढकलगाडीनं वर चढत यंदा मॅट्रिकला बसला होता, आणि पेपर कसे गेले विचारलं तर म्हणायचा, "गयात." कुठं गेले ते सांगायचा नाही. रतिलाल काय खातो, कधी उठतो, कुणाशी बोलतो, कुठं पडतो, कशाला रडतो, यातलं काही सिंधुबाईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. कधीतरी काहीतरी सापडेल, एखादी चोरी, एखादी लबाडी, म्हणून तिनं डोळ्यांत तेल घालून वाट बघितली होती. पोरगा काही सापडू देत नव्हता.

तिनं करपलेला मांडा बाजूला टाकला. आणि तेव्हाच तिच्या डोक्यात ते आलं, आणि आलं ते खापरासारखं तापूनच आलं.

तारीफ केली की नाव कापतो.

बस, मग तारीफच करायची.

---

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. रतिलाल आणि मगनला फुईनं सकाळीच नदीपात्रातल्या खरबुजांच्या डांगरवाडीवर पिटाळलं होतं, आणि पाहुणे जाईपर्यंत तोंड दाखवू नका म्हणून बजावलं होतं.

साहेब उंच, वाळके, कोट घातलेले होते. कान मात्र मोठे. फुईनं त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

"साहेब, नही म्हनू नका. आज आखाजी. घरमा पितरले जेवाले बसाडतस. आमना भाऊना कान आसाच व्हतात. आज तुमी आमना पितर."

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालायचं, ही रीत खानदेशात घरोघरी होती. पण या घरची रीत एक पाऊल पुढं होती. पितराला वाढायला येणाऱ्यानं त्याला वर्षभराची घरातली हकिकत सांगायची. सुनासुद्धा बोलायच्या, जिवंत सासऱ्यापुढं तोंड न उघडणारी सून मेलेल्याशी बोलली तर कुणाची हरकत नसायची.

हेडमास्तरांना घाम फुटला. त्यांना बोलावलं होतं जेवायला; मित्राला मेलेला माणूस करून बसवतील ही कल्पना नव्हती. पण साहेब हसले.

"माझे कान पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडताहेत," ते म्हणाले, आणि पाटावर बसले. फुईनं गंध लावलं, चुलीतल्या निखाऱ्यावर पितराच्या नावचा घास टाकला, तूप चरचरलं, आणि हकिकत सुरू झाली.

पहिला गिरधर. तो रसाची वाटी घेऊन उकिडवा बसला.

"बाबा, कपाशी बरी व्हयनी. केळी असा लागनात की घडना वजनघाई झाडं बठी गयात, आते त्यासले उठता येत नही. बाकी बठ्ठं बेस. फक्त तुमना चुनीना पोऱ्या, रती, तो काही कामना नही."

"अस्सं?" साहेब म्हणाले.

"अगदीच नही."

फुईनं समाधानानं मान हलवली. मग चुनीलाल आला. चुनीलालला खोटं बोलता येत नसे. बैलबाजारात तो आपल्या बैलाचे दोष आधी सांगायचा, म्हणून त्याचे बैल कुणी घेत नसे.

"बाबा, तो... तो आळशी शे," चुनीलाल म्हणाला आणि लाल झाला.

"किती वाजता उठतो?" साहेबांनी सहज विचारलं.

"चारले."

"पहाटे चारला उठणारा आळशी?"

"उठस, पन मंग पुस्तक लीसन..." फुई खोकली. "म्हंजे झोपस!" चुनीलाल घाईनं म्हणाला. "पुस्तकवर डोकं ठेईसन झोपस, बाबा. मी सोता दखेल शे." आणि रसाची वाटी न वाढताच परत घेऊन गेला.

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर भाताचे कण मोजत होते.

रंजनाबाई डोक्यावरून पदर ओढून भजी घेऊन आली. तिचं तोंड कुणाला दिसलं नाही, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाबा, त्याले काहीच येत नही. गाय बी वळता येत नही. घरमा... घरमा काहीच बोलत नही. माले तर त्याना मनमा काय चाली ऱ्हायनं, काही समजत नही."

एवढं शेवटचं वाक्य फुईनं शिकवलेलं नव्हतं. ते रंजनाबाईच्या तोंडून आपोआप सुटलं होतं. ती झटकन उठून खांबाशी जाऊन उभी राहिली.

"हा मुलगा आहे कुठं?" साहेब म्हणाले. "ज्याला सगळं घर एवढं नावं ठेवतं, त्याला बघितलं पाहिजे."

फुईचा जीव भांड्यात पडला. बेत जमला होता. आता फक्त सिंधू उरली होती, आणि सिंधू काय बोलणार याची तिला रतीभर काळजी नव्हती.

सिंधुबाई मांडा घेऊन आली. घडी करून तिनं तो साहेबांच्या पानात ठेवला, वर तुपाची धार धरली, आणि मान खाली घालून मधासारख्या आवाजात म्हणाली, "बाबा, या बठ्ठा खोटं बोली ऱ्हायनात. आमना रतीसारखा पोऱ्या बठ्ठा तालुकामा नही."

फुईच्या हातातला पंखा थांबला.

"हुशार शे. गुनी शे. सूरजासारखा शे." सिंधुबाईनं तुपाची धार थांबवली नाही. मांडा पोहायला लागला. "मोठास्नं आईकस. कोनले उलटं बोलत नही. देवमानूस शे, बाबा."

हे सगळं तिनं सकाळी चुलीपाशी पाठ केलं होतं. तेवढंच पाठ केलं होतं, आणि ते संपलं. साहेबांचा हात घासावर थबकला होता, भुवई वर चढली होती. बरोबर चाललंय, सिंधुबाईला वाटलं, आणखी थोडं. पण आणखी काही खोटं सुचेना. मग जे खरं होतं तेच तिच्या तोंडी यायला लागलं.

"मांगला साल हीरवरनं इंजिन घडीघडी बंद पडे. मिस्तरी दोन डाव उना, हात टेकीसन चालना गया. रती भरदुपारी तठे बठना. एक काठी इंजिनले लायी, दुसरं टोक कानले. भलता टाइम तो आईकीच ऱ्हायना, जसा कोन्ही पोटमातला पोऱ्याना ठोका आईकस. मंग मन्हा... मंग मगनले बलाई लयना, त्याले सांगं, हाई खोल, हाई पूस. मगननी खोलं. इंजिन सुरू व्हयनं. बठ्ठा गावमा मगननं नाव व्हयनं. रतीनी एक शबुद नही काढा."

गिरधरनं मान वर केली. गावभर ती गोष्ट त्यानंच पसरवली होती, मगननं इंजिन फुंकर मारून चालू केलं म्हणून.

"काठी कानाला लावून?" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

सिंधुबाईला ते ऐकूच आलं नाही. "सातवीमा त्याले शाळामा बक्षीस भेटनं. चांदीनं पदक. त्याच दिनले मगन गनितमा नापास. रती घर उना, पदक कोन्हले दखाडं नही. गोठामा कडबाखाले दपाडी दिनं. मगनना डोयाले लागू नही म्हनून. अजून तठेच शे. मी रोज कडबा काढस, रोज दखस, रोज परत झाकी देस."

खांबाशी उभी असलेली रंजनाबाई पदर मागं सरकला तरी भानावर आली नाही. ते पदक शाळेनं दिलंच नाही, मास्तरांनी दाबलं, म्हणून तिनं तेव्हा सात दिवस शिव्याशाप दिले होते.

सिंधुबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली. ती पोराला बुडवायला उभी होती, आणि त्याच्याबद्दल बोलताना तिला थांबावंसं वाटत नव्हतं.

"बाई," साहेब ताठ बसले. "तुम्ही या मुलाच्या आई का?"

फुई नाही नाही म्हणून मान हलवत होती, पण ती साहेबांच्या पाठीमागं.

सिंधुबाईनं खांबाकडे पाहिलं. तिथं रंजना उभी होती, सकाळी हसलेली रंजना. आईनंच शिफारस केली म्हटल्यावर तर साहेब पाटावरूनच नाव कापणार. शेवटचा खिळा. आणि त्या खिळ्याआड दुसरंही काहीतरी होतं, पितळी परातीपासूनचं, जे तिनं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"हा," ती म्हणाली. "मन्हाच शे."

"मग या?" साहेबांनी रंजनाबाईकडे बोट केलं.

रंजनाबाईचे ओठ हलले. पण फुईला आपला बेत झाकायची एवढी घाई, की ती मागूनच ओरडली, "ती काकी! ती काकी शे त्यानी!"

साहेब असे हसले की त्यांचे कान हलले.

"आईनं केलेलं कौतुक मी शिफारशीत धरत नाही," ते म्हणाले. "आणि काकीनं ठेवलेली नावंही धरत नाही. घरोघरी हेच. वाढा, रस वाढा."

फुई मटकन खाली बसली. गिरधर हसू लागला. सिंधुबाईचं तोंड मात्र पांढरं पडलं. एवढं करूनही काही बिघडलं नव्हतं.

तेवढ्यात अंगणात डांगरं धपाधप टाकल्याचा आवाज आला. पाहुणे जाईपर्यंत तोंड दाखवू नका हे मगनच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याला भूक लागली होती. त्याच्यामागून रतिलाल आला, अंगभर वाळू, डोक्याला रुमाल. पाटावर कुणी बसलंय हे त्यानं पाहिलंच नाही. नेहमीसारखा पाण्याच्या माठाकडे आला, माठाशी सिंधुबाई होती.

"मोठी माय, पानी दे," तो म्हणाला.

खानदेशात थोरल्या काकीला मोठी माय म्हणतात हे लहान पोरालाही माहीत असतं. साहेबांचे पूर्वज इथल्याच प्रकाश्याचे. त्यांनी घास खाली ठेवला. एकदा सिंधुबाईकडे पाहिलं, एकदा खांबाशी उभ्या बाईकडे. मांडा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

मग रतिलालला जवळ बोलावलं. "विहिरीवरचं इंजिन दुरुस्त कुणी केलं?"

"मगननी," रतिलाल म्हणाला.

"कसं?"

रतिलालनं मगनकडे पाहिलं. "त्याले इचारा. त्याना हातेसनी खोलेल शे."

मगन एवढा वेळ डांगराची फोड खात होता. "मी काय सांगू?" तो म्हणाला. "हाऊ बोले तसं मी करू. माले तर अजून बी माहीत नही मी काय करं."

साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. हात धुवायला उठले. सिंधुबाईनं तांब्यानं हातावर पाणी घातलं. ओट्याच्या त्या कोपऱ्यात दोघंच होती, आणि तिथं पुण्याचा साहेब एकदम आपल्या आजोबांच्या बोलीत आला.

"मोठी माय," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी कितला साल मुलाखती लीऱ्हायनू. शेठनी शिफारस करी तर नाव कापस. मायनी करी तर हाशीसन सोडी देस. काकीनी तारीफ करी, हाई मी आजलगून आईकेल नही. त्यानाकरता मन्हाकडे नेमच नही."

सिंधुबाईच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता, तरी ती ओततच राहिली.

---

दमणी गावाबाहेर पडते न पडते तोच घरात जे पेटलं, ते पावसाळ्यापर्यंत विझलं नाही. साहेबांच्या हसण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. मोठे लोक हसतात आणि घरी जाऊन नाव कापतात, असं फुईचं म्हणणं. चुनीलालनं आयुष्यात पहिल्यांदा चूल वेगळी करायची भाषा काढली. गिरधरनं बायकोची बाजू घेतली, मग सोडली, मग पुन्हा घेतली. फुई सिंधुबाईच्या हातचं पाणी पिईना. आणि रंजनाबाई मिठाबद्दलही बोलेनाशी झाली.

साहेब ओट्यावर काय बोलले ते सिंधुबाईनं कुणाला सांगितलं नाही. नेम नाही म्हणजे काय? घेणार की कापणार? ती कडबा काढायला गोठ्यात जायची, झाकलेलं पदक बघायची, आणि देवाला काय मागावं हे तिचं तिलाच उमजायचं नाही. एक दिवस मागायची की नको जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मागायची की जाऊ दे एकदाचा, डोळ्यांपुढून तरी हटेल. तिसऱ्या दिवशी काहीच न मागता परत यायची.

निकाल लागला. रतिलाल तालुक्यात पहिला. मगन पास झाला, कसा ते त्यालाही सांगता आलं नाही. रतिलाल पुण्याला मुलाखतीला जाऊन आला. काय विचारलं म्हणून सगळ्यांनी घेरलं तर म्हणाला, साहेबांनी घरचं काहीच विचारलं नाही. टेबलावर एक बिघडलेलं घड्याळ ठेवलं आणि म्हणाले, ऐक. ऐकून जे वाटलं ते त्यानं सांगितलं. बाकीचे दोन साहेब हसले, प्रकाशेकर साहेब हसले नाहीत.

आणि आषाढात प्रवेशाचं बोलावणं आलं. खानदेशातून यंदा एकच पोरगा, आणि तो ब्राह्मणपुरीचा.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे सूर फिरले. फुईनं गावाला सांगितलं की सिंधूनं बोलायचं ही आपलीच आतली युक्ती होती, म्हणून तर कुणाला कळू दिली नाही. गिरधरच्या गोष्टीत साहेब सिंधुबाईचं बोलणं ऐकून पाटावरून उठले आणि तिच्या पाया पडले; पुढच्या आठवड्यात त्याच साहेबांनी रडता रडता मांड्याची आठ ताटं संपवली. चुनीलालनं वेगळ्या चुलीसाठी आणलेल्या विटा गोठ्याच्या भिंतीला लावल्या. बायका यायच्या, सिंधुबाईची बोटं कपाळाला लावायच्या, माझ्या पोराबद्दलही बोल म्हणायच्या.

फक्त रंजनाबाई यायची नाही.

रतिलाल निघाला तो दिवस उघडीपीचा होता. दोंडाईच्याला गाडी गाठायची म्हणून बैलगाडी सकाळीच जुंपली. ट्रंक मगननं चढवली, आणि आपणही चढून बसला. स्टेशनापर्यंत तरी जाऊन इंजिन बघतो म्हणाला. रतिलाल फुईच्या पाया पडला, बापाच्या, काकाच्या, आईच्या. मग सिंधुबाईच्या. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेली तोवर तो उठलाच होता, हात खांद्यावर पडला.

गाडी चिखलातून नाल्याकडे वळली. माणसं परतली. वेशीपाशी दोघी जावाच उरल्या. रंजनाबाई गाडीच्या वाटेकडे बघत होती. मान न वळवता ती बोलली.

"भाभी. ते पदक."

"काय?"

"कडबामा कसाले दपाडं, ते. तुमले कसं माहीत?" तिचा आवाज चिरका झाला होता. "इंजिनना टाइमले तो तठे बठना व्हता, माले तर सांगं नही. घर येस, जेवस, काहीच बोलत नही. मी त्यानी माय शे. त्यानी तुमले सांगं का? सोता सांगं?"

सिंधुबाईनं तिच्याकडे पाहिलं. रंजनाच्या डोळ्यांत जे होतं ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ती ते रोज आरशात बघत आली होती. खरं सांगितलं असतं, की त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही, मी लपून बघितलं, तर रंजना एका शब्दात मोकळी झाली असती. ते तोंडाशी आलंही होतं.

गाडी नाल्यात उतरून दिसेनाशी झाली.

"पोऱ्या काही गोठी मायले नही सांगतस, रंजना," सिंधुबाई म्हणाली, आणि पदर डोक्यावर सारखा करून, अजिबात घाई न करता, घराकडे चालू लागली.